तळ्याचा पडदा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सर्रर्र… आणि मग थड्!

दोरी सोडली की पडदा वरून उलगडत यायचा आणि तळाचा लाकडी दांडा फरशीला टेकायचा, तो हा आवाज. एकतीस वर्षं रोज ऐकला. स्टुडिओत गिऱ्हाईक कितीही कुरकुरत असो, ‘थड्’ झालं की गप्प व्हायचं. मागे तळं आलेलं असायचं ना! मग कुणी कॉलर सारखी करी, कुणी पोट आत ओढी.

आज मुलानं तोच पडदा माळ्यावरून काढला. गुंडाळी खाली ठेवली तर आवाजच नाही. नुसती धूळ. मुलगा शिंकत म्हणाला, “बाबा, हे एकदाचं काय ते ठरवा.” खोली त्याला मोकळी हवी आहे. त्याचं चुकत नाही.

संग्रहालयातल्या बाई परवा बघायला येणार आहेत. कुठल्याशा प्रदर्शनासाठी जुने फोटो-स्टुडिओचे पडदे शोधताहेत. गावातले बाकीचे पडदे उंदरांनी कधीच खाल्ले. माझाच उरला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाई आल्या. तरुण आहेत, पण केस पांढरे आणि तसेच ठेवलेले. चप्पल दाराबाहेर काढून पडद्यापाशी चक्क गुडघ्यांवर बसल्या. चंद्र पाहिला, तळं पाहिलं, दोन हंस, डावीकडचा खांब, खांबावरच्या वेली. तीनदा ‘अप्रतिम’ म्हणाल्या. मी मोजलं.

मी सांगत सुटलो. पहिल्यांदा हे तळं राखाडी होतं. फोटोच काळे-पांढरे, मग निळ्या-गुलाबीचा उपयोग काय? दोन्ही सारखेच मळकट यायचे. म्हणून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ डबे कालवून सगळं तळं त्यातच रंगवलं. पुढे रंगीत फोटो आले, तेव्हा स्टुडिओचे मालक म्हणाले, घाल निळा, होऊ दे भडक, लोकांना पैठणीसारखं तळं पाहिजे. मग त्याच राखाडीवर निळा चढवला. बाई भराभरा लिहून घेत होत्या.

फोटोच्या पुठ्ठ्यावर आम्ही एक चिठ्ठी चिकटवायचो, तीही दाखवली. ओळी माझ्याच :

तळ्याकाठी दोघे आपण, पाण्यावरती चांदणे
क्षण हा येथे थांबविला हो, आता कसले लोपणे

‘चांदणे’ला ‘लोपणे’ सापडलं, तेव्हा दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बाईंनी तिचा फोटो घेतला आणि म्हणाल्या, “हे तर शुद्ध किच आहे.” इतक्या प्रेमानं म्हणाल्या की मी ‘आभारी आहे’ म्हणालो.

पडदा टेम्पोत घालून नेला. परत देण्याचा कागदही करून दिला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मास्तरांना त्या शब्दाचा अर्थ विचारायला हवा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

विचारायलाच नको होता.

मास्तर म्हणजे मुलांना तीस वर्षं भाषा शिकवलेले, माझे बाकावरचे सोबती. संध्याकाळी आम्ही बागेबाहेरच्या बाकावर बसतो आणि शाळेतल्या कविता आठवतो. एक ओळ त्यांची, एक माझी. जो अडेल त्यानं चहा पाजायचा. मी अडत नाही.

शब्द सांगितला, तर मास्तर हसले. तसे नाहीत हो ते हसणारे. म्हणाले, “अरे, बाईंनी तुझी परीक्षा घेतली आणि नापास केलं, तू पेढे वाटत फिरतोयस.” मग वर्गात सांगावं तसं सांगत बसले. जे बघण्याआधीच माणसानं गहिवरायचं हे ठरलेलं असतं, ते. दुकानाची काच पुसून आत तयार मांडून ठेवलेले अश्रू. चंद्र असला की हंस, हंस असला की कमळ, कुठेही खड्डा नाही, माशी नाही, चिखल नाही. खऱ्या तळ्याला वास येतो, तुझ्या तळ्याला येत नाही.

मी म्हटलं, मग आपण रोज म्हणतो त्या कविता? आईवरच्या, पाखरांवरच्या? तुमचा आवाज दाटून येतो तेव्हा कुठली काच पुसलेली असते?

मास्तर हळूच म्हणाले, “त्यासुद्धा बहुतेक तसल्याच. पण मला आता त्या सुटत नाहीत.”

मी चहा न घेताच उठलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवार, ९ नोव्हेंबर

झोप नीट लागली नाही. वहीत कधी न लिहिलेली गोष्ट आज लिहून टाकतो.

भिंतीवर आमचा दोघांचा फोटो आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षाचा. ती खुर्चीत, अंगावर स्टुडिओतलीच शाल, मी मागे उभा. पाठीमागे तळं. मालकांनी एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून काढून दिला. ती हसतेय. दात दिसताहेत. त्या काळी फोटोत दात कोणी दाखवत नसे.

तिच्या माहेरी हा फोटो गेला आणि तिच्या मावशीनं विचारलं, हे कुठलं तळं गं? ती म्हणाली, आम्ही फिरायला गेलो होतो. मी तिथेच बसलो होतो. मी खाली ताटाकडे बघितलं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी ठीक. पण तळं वाढत गेलं! शेजारणीला सांगताना पाणी गार झालं. मुलगा जरा मोठा झाल्यावर त्याला सांगताना एक नाव आली आणि एक म्हातारा नावाडी आला, त्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं. सून घरात आली तोवर परतीच्या वाटेवर आमची गाडी बंद पडली होती आणि आम्ही दोन कोस चाललो होतो. मी एकदाही खोडलं नाही. आम्ही कुठल्याच तळ्यावर कधी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. स्टुडिओला सुटी नसे. सुटीच्या दिवशीच तर लोक फोटोला येतात.

शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, “परत एकदा तळ्यावर जाऊ.” मी ‘हो’ म्हटलं. तिला खरंच आठवत होतं, की विसर पडला होता, की माझी थट्टा चालली होती? विचारलं नाही. सहा वर्षं झाली.

मास्तरांच्या बोलण्यानं हेच उकरलं. बायकोला तळं दाखवायचं होतं आणि मी तिला मांजरपाटाच्या कापडावर रंग फासून दिला. तीही बिचारी त्यावर जन्मभर गोष्टी रचत बसली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाईंनी मुलाच्या मोबाइलवर पाटीचा मजकूर पाठवला. पडद्याशेजारी लावायची पाटी. मुलानं वाचून दाखवला, मग माझा चेहरा पाहून पुन्हा वाचला नाही. मीच भिंग घेऊन वाचला.

“हौशी चित्रकाराला रचनेचा मध्य भरता आलेला नाही. चंद्र डावीकडे असून त्याचं प्रतिबिंब मात्र उजवीकडे पडलं आहे. अशा निरागस चुकांमुळेच किचला त्याची गोडी येते.”

हौशी! निरागस!

सून म्हणाली, “बाबा, चांगलंच तर लिहिलंय, गोडी म्हटलंय.” तिला काय सांगू? परवा स्वतः जाणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

गेलो. बसमध्ये सगळं पाठ करत होतो, शाळेत कविता म्हणायला उठायच्या आधी करायचो तसं. आणि अगदी तसाच तिथे उभा राहिल्यावर विसरलो.

बाईंनी बसायला खुर्ची दिली. मी बसलो नाही. म्हटलं, बाई, तुम्ही बसा, पडद्यापुढे, मधल्या जागेत जरा डावीकडे. त्या बसल्या. मी मागे त्यांच्या नवऱ्याच्या जागी उभा राहिलो आणि म्हटलं, आता आरशात बघा. समोरच्या भिंतीवर आरसा होता.

मध्य रिकामा ठेवलेला असतो, कारण तिथे माणूस येतो. तिथे मी कमळ काढलं असतं तर ते गिऱ्हाइकाच्या कानातून उगवलं असतं. चंद्र मधोमध घेतला तर बायकोच्या डोक्यामागे अंबाडा दिसतो, नवऱ्याच्या डोक्यामागे टक्कल. हे मालकांचं वाक्य, माझं नव्हे. पहिला पडदा तसा झाला होता. एक नवरदेव फोटो घ्यायला आला आणि रडकुंडीला आला! म्हणून चंद्र डावीकडे, बसलेल्या बाईच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत. प्रतिबिंब त्याच्या खाली घेतलं तर तिच्या मांडीमागे झाकलं जाणार. गिऱ्हाइकाला दोन्ही पाहिजेत. म्हणून प्रतिबिंब उजवीकडे, उभ्या माणसाच्या पायाशेजारी. चंद्राला कळतंय थोडंच!

बाईंनी आरशात आधी चंद्राकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हणजे मी रोज अर्धंच चित्र बघत होते.”

माणूस वाईट नाही. पण पाट्या छापून झाल्या आहेत. एक ओळ वाढवते म्हणाल्या.

आणखी एक सांगायचं राहिलंच. पडदा जमिनीला टेकायला हवा. त्यांनी तो चित्रासारखा हातभर वर टांगला आहे. माणूस तळ्याकाठी उभा राहायचा तर काठ पायाशी नको?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मास्तर आज बाकावर आले नाहीत. की मीच लवकर उठलो?

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्घाटन झालं. सगळे गेलो होतो — मुलगा, सून, मी; नात शिकायला परगावी असते. मला इस्त्रीचा कोट घालायला लावला.

दालनात काय काय मांडलं होतं! काचेतल्या बाहुल्या, हलवलं की डोळे मिटणाऱ्या. मखमलीवरचा रडका मुलगा. शिंपल्यांचं जहाज. प्लास्टिकची फळं, एका द्राक्षाला कुणीतरी खरंच चावलेलं. प्रत्येकापुढे लोक थांबत, ‘आमच्या आजीकडे होतं बघ असलंच’ म्हणत आणि हसत. आजी आवडत असली पाहिजे, हसण्यात वाईटपणा नव्हता. पण त्यांच्यातल्या कुणाच्याही घरी आता ते नसणार, हेही ऐकू येत होतं.

पडदा अजून हातभर वरच. पुढे लाल दोरी. पाटीवर वाढवलेली ओळ : “चित्रकाराच्या म्हणण्यानुसार मध्य मुद्दाम रिकामा सोडला आहे.” चित्रकाराच्या म्हणण्यानुसार! चोरानं पोलिसांना सांगावं तसं.

पण मी ते लिहायला बसलेलो नाही. माझ्या लक्षातच आलं नव्हतं — सुनेनं हा पडदा उलगडलेला कधी पाहिला नव्हता. बाई घरी आल्या तेव्हा ती बाजारात गेली होती; माळ्यावरची गुंडाळीच तिला ठाऊक. ती दोरीपाशी उभी राहिली. खांब पाहिला. हंस पाहिले. मग माझ्याकडे वळून पाहिलं. भिंतीवरचा फोटो ती रोज पुसते. रंग वेगळा असला म्हणून काय झालं?

घरी येताना ती गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मुलगा आपला, पार्किंग कसं मिळालं ते सांगत होता. त्याला लहानपणापासून ठाऊक असणार. की नसेल? आमच्या घरात कोण कोणाला काय विचारतं!

रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी भाजी निवडताना सून म्हणाली, “बाबा, तळं पडद्यावरचं होतं ना?”

मी हो म्हटलं.

“मग नाव कुठून आली? पडद्यावर नाव नाहीये.”

मी म्हटलं, नाव तिचीच.

“आणि बहिरा नावाडी?”

तोही.

तिनं शेंगा तशाच ठेवल्या. म्हणाली, माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र कळा यायच्या तेव्हा आई मला त्या नावेतून फिरवून आणायच्या. हाक मारायची तर त्याच्या उजव्या कानाशी मारायची, डावा बहिरा. मी अजून झोप आली नाही की तिथे जाते.

मग उठून आत गेली. रागावली की काय कळेना. दुपारी मला वाढताना नेहमीसारखीच होती. फोटो मात्र मी खिळ्यावरून उतरवून कपाटात ठेवला. तिनं पाहिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

राहवेना. एकटाच संग्रहालयात गेलो. कामाचा दिवस, दालनात कोणी नाही. एक पहारेकरी, पन्नाशीचा, टोपी मांडीवर ठेवून बसलेला. मी दोरीजवळ गेलो तसा उठला. म्हणाला, आजोबा, लांबूनच बघा. मी म्हटलं, माझाच आहे. तो म्हणाला, सगळे तसंच म्हणतात.

मग पटलं त्याला. बसायला स्वतःचं स्टूल दिलं. म्हणाला, “तुमच्या पडद्यानं माझा जीव खाल्लाय. दुसऱ्या वस्तूंकडे लोक तोंड करून उभे राहतात. तुमच्याकडे पाठ करतात.”

दिवसभर हेच चालतं म्हणे. येतात, दोरी ओलांडतात, तळ्याकडे पाठ करून मोबाइलनं फोटो काढतात. हा हाकलतो. वरून याला बोलणी बसतात.

तेवढ्यात एक जोडपं आलंच. वीस-बावीसचं. पोरगा छाती फुगवून उभा राहिला, पोरीनं हनुवटीखाली हात घेऊन मान वाकडी केली, जुन्या फोटोतल्यासारखी. दोघं खदखदून हसली. तिला बरोबर बाईची जागा सापडली होती, चंद्राखाली! कोणी सांगितलं नव्हतं. फोटो पाहून परत हसली आणि गेली.

मला आधी आनंद झाला. मग वाटलं, माझ्या तळ्याला हसली की तळ्याकाठी हसली? पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मला फक्त दोरीच्या आत की बाहेर एवढं बघायला ठेवलंय. पण मग डोकं खाजवून म्हणाला, “आधी थट्टा म्हणूनच उभे राहतात. कॅमेरा समोर आला की एक क्षण खरंच नीट उभे राहतात. नंतर परत थट्टा.”

निघताना त्याला म्हटलं, कधी इकडे आलात तर चहाला या. गल्ली सांगितली. असं आपण म्हणतोच.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

कपाटातून फोटो काढला. भिंग घेतलं. तिचं हसू तासभर पाहिलं. ती पुराण ऐकणाऱ्या भाविकासारखी भुलली होती, की ‘बघा यांचं तळं’ म्हणून हसत होती? भिंगातून जवळ गेलं की हसूच राहत नाही. नुसते राखाडी ठिपके.

संध्याकाळी मास्तर घरी आले. पहिल्यांदाच जिना चढले. मी खुर्ची पुढे केली. मग त्यांनी शाळेतल्या एका कवितेची पहिली ओळ म्हटली. पाखराची. मी दुसरी म्हटली. तिसरीवर त्यांचा आवाज नेहमीच्याच जागी दाटला. “किच,” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि चौथी म्हटली.

बरं वाटलं. पण उत्तर नाही मिळालं. ती असती तर एवढंच विचारलं असतं — तुला खरं तळं हवं होतं का गं?

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी दहाला बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, चाळिशीची, कडक इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी घट्ट धरलेली. मागे दोन पायऱ्या खाली एक गृहस्थ भिंतीकडे बघत उभा. गणवेश नव्हता म्हणून मला ओळखूच आला नाही. पहारेकरी! तिला हळूच म्हणत होता, अगं राहू दे, चल.

ती म्हणाली, “तुम्ही हसणार नसाल तर एक विचारते.”

मी म्हटलं, विचारा.

“बर्फ येतो का तुम्हाला?”

यांची नोकरी दाराशी उभं राहण्याची, म्हणाली, सुटी अशी मिळत नाही. बर्फात उभं राहायची तिला लहानपणापासून हौस. खरा नाही, हे तिला ठाऊक आहे. तो कधी दिसेल तेव्हा दिसेल, तोवर मोठ्या खोलीत लावायला एक फोटो हवा आहे, दोघांचा. मी सांगितलं, मी बर्फ कधी केला नाही. बघितलेलाही नाही. हातही आता थरथरतो.

“मीही नाही बघितलेला,” ती म्हणाली. “आपण ठरवू तसा असेल.”

दोघं बाहेर बसले आहेत. सून त्यांच्याशी बोलतेय. मी डबे शोधतो म्हणून आत आलो आणि आधी हे लिहितोय. पांढरा आहे थोडा. नुसत्या पांढऱ्यानं भागणार नाही, सावलीला निळा लागेल असं वाटतं. मांजरपाटाचं कापड नवं आणावं लागेल. तिची उंची अजून विचारली नाही. ती आधी विचारायला हवी.